विसरलेली इस्त्री पेटू नये म्हणून : एका इमारतीतल्या कामाच्या नोंदी

इमारत पुण्यातली, १९८६ सालची, चार मजली, २४ सदनिका. निम्म्या घरांत वायरिंग अजून मूळचं, ॲल्युमिनियमचं. काम ठरलं ते असं : घरोघरी वापरात असलेल्या इस्त्र्या, पाणी तापवायचे रॉड, एक्स्टेन्शन आणि ती जिथे लावली जातात ते सॉकेट तपासायचे, पेटण्याची शक्यता जिथे दिसेल तिथे दुरुस्ती करायची. ‘काळजी घ्या’ अशी पाटी लावून भागत नाही. इस्त्री चालू राहिली, हे माणूस विसरणारच. विसरल्यावरही काही पेटू नये, अशी सोय करायची हाच हेतू. ज्यांना आपल्या इमारतीत हेच करायचं असेल त्यांच्यासाठी या नोंदी.

७ जून २०२५

पहिली सूचना फुकट गेली. ‘खराब इस्त्री तपासायला आणा’ असं लिहिलं होतं. कोणीच आणली नाही, कारण आपली इस्त्री खराब आहे असं कोणालाच वाटत नाही. सूचना बदलून ‘रोजच्या वापरातली इस्त्री, तिच्या एक्स्टेन्शनसकट आणा’ अशी केली. संध्याकाळपर्यंत खालच्या हॉलमधलं टेबल भरलं. जुनी अभ्रकाच्या कॉइलची जड इस्त्रीही आली आणि नवीन वाफेचीही.

साहित्य : थर्मोकपलची, म्हणजे टोक टेकवून तापमान मोजणारी, वायर लावता येईल असा मल्टिमीटर (सुमारे १,८०० रुपये), वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर (सुमारे १,५००), इन्सुलेशन मोजणारा ५०० व्होल्टचा मेगर (भाड्याने), लांबून तापमान दाखवणारी इन्फ्रारेड गन (सुमारे १,२००), १२ व्होल्टची जुनी बॅटरी आणि गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब. बोर्ड उघडण्याचं आणि आतलं सगळं काम परवानाधारक वायरमनकडून. यात काटकसर करू नये.

८ जून

सोप्यापासून सुरुवात : टॉपच्या, म्हणजे प्लगच्या, फेज आणि न्यूट्रल पिनांमध्ये ओहम मोजायचे, थर्मोस्टॅटची चकती कॉटनवर ठेवून. २३० व्होल्टला ७५० वॅटची इस्त्री सुमारे ७० ओहम दाखवते, १,००० वॅटची ५३. १,५०० वॅटचा रॉड ३५, २,००० वॅटची किटली किंवा गीझर २६ ते २७. आकडा यापेक्षा खूप वेगळा आला, तर आत कोणीतरी दुसऱ्याच वॅटेजची कॉइल बसवली आहे. अशी एक निघाली : पाटीवर ७५० वॅट, मीटरवर ५१ ओहम. म्हणजे हजाराहून जास्त वॅट. वायर आणि टॉप मात्र ७५० च्या हिशेबाचे, आणि टॉपची एक पिन काळी पडलेली.

चकती ‘बंद’वर नेल्यावर रीडिंग उघडं, म्हणजे अनंत, यायला हवं. दोन इस्त्र्यांत ते तसंच ७० राहिलं. थर्मोस्टॅटचे पॉइंट एकमेकांना चिकटलेले. अशी इस्त्री टॉपमध्ये घालायचीच नाही, बाजूला ठेवायची. ही दोन्ही घरं ती इस्त्री रोज वापरत होती आणि ‘जरा जास्त तापते’ एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

१४ जून

मेगरचा दिवस. फेज-न्यूट्रल एकत्र करून त्यांच्यात आणि इस्त्रीच्या तळाच्या पत्र्यात ५०० व्होल्ट सोडायचे. किमान १ मेगओहम हवेत. आठवडाभर पाऊस होता. निम्म्या इस्त्र्या ०.३, ०.५ अशा आल्या आणि सगळ्या नापास ठरवून बाजूला ठेवल्या गेल्या. हे चुकीचं होतं, आणि ते कळेपर्यंत दुपार गेली.

नळीच्या आकाराच्या बंद कॉइलमध्ये तार आणि नळीच्या मधे मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी असते. टोकाकडून ती दमट हवा ओढते आणि इन्सुलेशन पडतं. त्याच इस्त्र्या आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असलेल्या बोर्डावर, अर्थिंग जोडून, दहा मिनिटं तापवल्या, निवल्यावर पुन्हा मोजल्या, तर बहुतेक १० मेगओहमच्या वर गेल्या. पावसाळ्यात मेगर नेहमी तापवून झाल्यावर. त्यानंतरही १ च्या खाली राहिली तर मात्र ती गेली.

यातूनच दुसरी गोष्ट उलगडली. तीन टॉप उघडल्यावर अर्थिंगची हिरवी वायर कापून आत दुमडलेली सापडली. कारण विचारलं तर उत्तर तेच : ‘पावसाळ्यात इस्त्री लावली की मेन पडतो, म्हणून वायरमनने काढून दिली.’ दमट कॉइलमुळे आरसीसीबी पडत होता आणि त्याचं काम तो नीट करत होता. अर्थिंग काढल्यावर तो पडत नाही, पण गळणारा करंट तळाच्या पत्र्यावर येऊन थांबतो आणि ओल्या कपड्यातून हाताला मिळतो. तिन्ही जोडून दिल्या. मेन पडत असेल तर इस्त्री बदला, अर्थिंग काढू नका, हे प्रत्येक घरी जाऊन सांगितलं.

१५ जून

वायरीची तपासणी. मल्टिमीटर इथे फसवतो : तो इतका थोडा करंट सोडतो की वीस-पंचवीस तारांपैकी एकच शिल्लक असली तरी ‘ठीक’ दाखवतो. इस्त्रीची वायर जिथे आत शिरते, त्या वाकणीवर तारा एकेक करून तुटतात. उरलेल्या थोड्या तारांतून सगळे चार अँपिअर जातात आणि तेवढीच जागा भाजते.

म्हणून १२ व्होल्टची बॅटरी आणि ५५ वॅटचा हेडलाइट. हा बल्ब साडेचार अँपिअर घेतो, म्हणजे १,००० वॅटच्या इस्त्रीइतकाच. तपासायची एक वायर बॅटरी आणि बल्बच्या मधे जोडायची. टॉपच्या पिनपासून इस्त्रीच्या आतल्या टर्मिनलपर्यंत, म्हणजे मागचं झाकण उघडूनच. मग वाकणीपाशी वायर हळूहळू सगळ्या बाजूंनी वळवायची. बल्ब लुकलुकला किंवा मंद झाला की वायर बाद. फेज, न्यूट्रल, अर्थिंग, तिन्ही अशाच. मल्टिमीटरवर पास झालेल्या इस्त्र्यांपैकी बऱ्याच इथे पडल्या. बॅटरीच्या टोकांचा शॉर्ट होऊ देऊ नये; ओळीत १० अँपिअरचा गाडीचा फ्यूज टाकावा.

बदलीची वायर साधी पीव्हीसीची घेऊ नये. साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० अंशांची, आणि इस्त्रीची वायर कधी ना कधी तापलेल्या तळाला टेकतेच. वरून सुती वीण असलेली, आत रबराची, तीन पदरी ०.७५ चौ. मिमी वायर घ्यावी. मीटरला ६० ते ८० रुपये पडली. तोंडाशी रबरी बुश नवाच बसवावा. मधे तुटलेली वायर जोडून काळी टेप गुंडाळलेली दिसली तर तिथून दुरुस्ती करू नये, पूर्ण वायर बदलावी.

टॉपमध्ये तारांच्या टोकांना सोल्डर लावून स्क्रू आवळायची सवय काही जणांना असते. सोल्डर मऊ असतो, स्क्रूखाली दाबाने पसरत जातो, आणि काही महिन्यांत स्क्रू सैल. टोकाला लग (धातूची छोटी टोपी) दाबून मग आवळावं.

२१ जून

थर्मोस्टॅट किती अंशांवर तोडतो ते बघायचं होतं. इन्फ्रारेड गनने तळ मोजला. पाण्याचा थेंब टाकला की चुर्र करून उडतो आणि गन दाखवते ७० अंश. गन बिघडलेली नाही. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो, गनला समोरच्या भिंतीचंच प्रतिबिंब जास्त दिसतं. काळ्या कोटिंगच्या तळावर गन बऱ्यापैकी खरी निघाली, क्रोमच्या तळावर निरुपयोगी. मग इस्त्री तीन उभ्या बोल्टांवर ठेवून थर्मोकपलचं टोक तळाच्या मध्यावर दाबून मोजलं. गन पुढे टॉप आणि सॉकेटसाठी फार उपयोगी पडली, कारण प्लास्टिकवर ती बरोबर वाचते.

करंट बघायला क्लॅम्प मीटर वायरीभोवती अडकवला तर शून्य दाखवतो. फेज आणि न्यूट्रल एकत्र पकडले की दोघांचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांना मारतं. त्यासाठी हातभर लांबीचं, तिन्ही वायरी सुट्या ठेवलेलं एक एक्स्टेन्शन बनवून घेतलं.

पद्धत : चकती सगळ्यात वर, क्लॅम्प फेजवर, थर्मोकपल तळावर. पहिल्यांदा करंट तुटेपर्यंत थांबायचं, मग पुढचे चार-पाच फेरे लिहायचे. पहिल्या वेळी तापमान सगळ्यात वर जातं. चांगल्या इस्त्र्या २०० ते २३० च्या आसपास तोडत होत्या. पाच मिनिटांत करंट तुटला नाही की टॉप काढायचा. नुसतं बघत बसायचं नाही. ज्या इस्त्रीचे पॉइंट चिकटलेत ती कुठे थांबतच नाही. तापमान चढत राहतं, आणि सुती कापड, लाकूड, कापूस सगळ्यांचं पेटण्याचं तापमान त्याच्या खाली येतं.

चांगली इस्त्रीसुद्धा निर्धास्त नसते. २०० अंशांवर सपाट राहिलेली इस्त्री चादर काही मिनिटांत तपकिरी करते आणि खालच्या गादीतला कापूस धुमसायला लागतो. धुमसणारा कापूस ज्वाळेशिवाय आत आत जातो आणि तासांनंतर पेटतो. म्हणूनच गादीवर इस्त्री करू नये. आणि कुठे गादी भाजलीच, तर मेन बंद करून भरपूर पाणी ओतून ती घराबाहेर नेऊन ठेवावी. वरून विझली म्हणून पुन्हा पसरू नये.

२२ जून

चिकटलेल्या थर्मोस्टॅटच्या इस्त्र्या उघडल्या. एकीत पूर्वी कोणीतरी पॉइंट पॉलिश पेपरने घासले होते. घासल्यावर इस्त्री चालू होते, पण चांदीचा थर गेलेला असतो, खालचा धातू ठिणगीने पुन्हा वितळतो आणि चिकटतो. थर्मोस्टॅट नवाच घालावा. १०० ते १५० रुपयांत मिळतो.

दुसरीत त्याहून वाईट. कॉइलच्या ओळीत एक छोटी कॅप्सूल असते, काचेच्या विणीच्या नळीत घातलेली. हा थर्मल फ्यूज. थर्मोस्टॅट फसला तर शेवटचा अडसर हाच. तो उडाल्यावर दुरुस्तीवाल्याने काढून टाकून तिथे सरळ तार जोडली होती. इस्त्री चालू झाली, ग्राहक खूश झाला, आणि घरात कुठलाही अडसर नसलेली इस्त्री परत गेली. उडालेला थर्मल फ्यूज म्हणजे थर्मोस्टॅट बिघडल्याची खूण. दोन्ही एकत्रच बदलावेत. फ्यूजवर छापलेले अंश तेवढेच असलेला नवा घ्यावा आणि तो दाबून जोडावा. सोल्डरच्या उष्णतेने तो तिथेच उडतो. तसा एक उडालाही, ४० रुपये गेले.

इस्त्री दुरुस्त करून आणल्यावर हा एक प्रश्न विचारावा : ‘कटआऊट (म्हणजे थर्मल फ्यूज) बायपास केला आहे का?’ जुन्या अभ्रकाच्या कॉइलच्या इस्त्र्यांत थर्मल फ्यूज नसतोच. त्या तीन घरांना बदलायला सांगितल्या. दोघांनी ऐकलं.

२९ जून

आता भिंतीतला भाग. इस्त्री कितीही चांगली असो, सैल सॉकेट तिला लागणारे चारच अँपिअर घेऊन पेटू शकतो. सैल जोडात अर्धा ओहम जरी आला, तरी १,५०० वॅटच्या रॉडच्या साडेसहा अँपिअरला तिथे २० वॅटहून जास्त उष्णता निघते. अंगठ्याएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या पेटीत, जवळजवळ एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं. एमसीबीला (करंट वाढला की पडणाऱ्या स्विचला) हे दिसत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. आरसीसीबीलाही दिसत नाही, कारण काही गळत नसतं. दोन्ही बसवलेले आहेत म्हणून निर्धास्त राहिलेली घरं बरीच आहेत, म्हणून हे ठळक लिहून ठेवतो आहोत.

पद्धत : पाणी भरलेली १,५०० वॅटची किटली सॉकेटला लावायची. एक माणूस मेन बोर्डाजवळ व्होल्टेज मोजतो, दुसरा त्याच सॉकेटच्या शेजारच्या भोकांत. दोन्ही आकडे एकाच क्षणी, फोनवर बोलत. नुसत्या सॉकेटवर मोजून उपयोग नाही, बाहेरूनच व्होल्टेज खालीवर होत असतं. सुरुवातीचे सगळे आकडे त्यामुळे टाकून द्यावे लागले.

२.५ चौ. मिमी ॲल्युमिनियमच्या दहा मीटर ओढीला जाऊन-येऊन दीड-दोन व्होल्ट पडणं ठीक. दुसऱ्या मजल्यावर एका स्वयंपाकघरात १२ पडले. दोन वायरीत गेले असं धरलं, तरी दहा व्होल्ट गुणिले साडेसहा अँपिअर, म्हणजे ६५ वॅट कुठेतरी जळत होते. बोर्ड उघडला : ॲल्युमिनियमच्या जुन्या वायरीला तांब्याची नवी वायर पिळून वर टेप. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसतो, तापण्या-निवण्यात ते तांब्यापेक्षा जास्त हलतं, आणि पिळलेला जोड स्वतःहून सैल होतो. टेप कोळशासारखी कडक झाली होती, पेटीची बाजू तपकिरी. या स्वयंपाकघराला मेनपासून तांब्याची २.५ चौ. मिमी नवी ओढ टाकली. मजुरीसकट ३,६०० रुपये.

सॉकेटची खूण नाकाने आणि डोळ्याने ओळखता येते : मासळीसारखा वास, भोकांभोवती पिवळा-तपकिरी रंग, टॉप घातल्यावर तो सहज हलणं, आणि वापरल्यावर पिना बोट न ठेववण्याइतक्या गरम. असा सॉकेट बदलताना त्याला लावला जाणारा टॉपही बदलावा. भाजलेल्या पिनांचा टॉप नव्या सॉकेटची पकडही महिन्याभरात घालवतो. ‘कुठलाही टॉप बसतो’ अशी भोकं असलेले सॉकेट काढून टाकले. सगळ्यांना बसेल असं करायच्या नादात ते कोणालाच घट्ट धरत नाहीत.

समोरून बघताना मोठं अर्थिंगचं भोक वर असेल तर फेज उजवीकडे हवा. चार ठिकाणी उलटा होता. उलटा असला की बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडत असू शकतं, आणि मग ते बंद करूनही इस्त्रीत फेज राहतो.

६ जुलै

एक्स्टेन्शन. दोन पदरी चपटी बारीक वायर आणि पुढे तीन भोकांचे सॉकेट. अर्थिंगचं भोक नुसतं दाखवायला. अशी सगळी कापून टाकली, लोकांच्या देखत आणि त्यांना विचारून. भिंतीत १६ अँपिअरचा एमसीबी असेल तर तो १८ अँपिअर तासभर सहन करतो, आणि २३ अँपिअर झाले तरी पडायला तासभर घेऊ शकतो. ०.७५ चौ. मिमी वायर जेमतेम सहा-सात अँपिअरची. म्हणजे एमसीबी भिंतीतल्या वायरीला वाचवतो, तुमच्या एक्स्टेन्शनला नाही.

बदली म्हणून एकच प्रकार बनवला : १.५ चौ. मिमी तीन पदरी वायर चार मीटर, १६ अँपिअरचा टॉप, दोनच सॉकेट, आत १० अँपिअरचा एमसीबी. सुमारे १,१०० रुपये. लोकांना महाग वाटलं, म्हणून जिथे जमलं तिथे एक्स्टेन्शनची गरजच काढून टाकली, इस्त्रीच्या जागेपाशी सॉकेट आणून. तेच बरं. गुंडाळीचं एक्स्टेन्शन असेल तर पूर्ण सोडून वापरावं. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर जात नाही.

१,५०० वॅटचा रॉड १६-ते-६ च्या कन्व्हर्टर टॉपने ६ अँपिअरच्या सॉकेटला लावलेला दोन घरांत सापडला. कन्व्हर्टर टॉप जप्त.

१२ जुलै

या कामातला खरा अवघड भाग. प्रसंग सगळ्यांच्या घरचा : इस्त्री चालू आहे, वीज गेली, इस्त्री होती तशी कपड्यावर सपाट राहिली, माणूस उठून गेला, पुढे कुलूप लावून बाहेर पडला. दोन तासांनी वीज आली. घरात कोणी नाही. बटण चालूच आहे. पावसाळ्यात हे दर आठवड्याला घडू शकतं.

यावर कारखान्यातली जुनी युक्ती : वीज गेली की सुटणारा आणि वीज आली तरी स्वतःहून न लागणारा कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेच्या चुंबकाने ओढला जाणारा स्विच. हिरवं बटण दाबल्याशिवाय इस्त्रीला वीज नाही. त्यातच ३० मिनिटांचा टायमर, म्हणजे वीज न जाताही विसरली तर तुटेल.

पेटीतला माल : ९ अँपिअरचा (एसी-३, म्हणजे मोटारीच्या लोडसाठी) २३० व्होल्ट कॉइलचा, वर एक एनओ (एरवी उघडा) ऑक्झिलरी, म्हणजे जोडीचा छोटा पॉइंट, असलेला कॉन्टॅक्टर, सुमारे १,००० रुपये. तापणाऱ्या लोडसाठी त्याची एसी-१ ची मर्यादा २० अँपिअरच्या आसपास असते, इस्त्रीला भरपूर. ऑन-डिले टायमर (वीज मिळाल्यापासून वेळ मोजणारा), सुमारे १,२००. हिरवं (एनओ) आणि लाल (एनसी, एरवी मिटलेलं) बटण, २२०. १० अँपिअरचा एमसीबी, १८०. सॉकेट, पत्र्याची पेटी, लग, वायर, ६०० च्या आसपास. एकूण ३,२०० रुपये.

पहिल्यांदा दुकानातून आलेला टायमर ऑफ-डिले (वीज गेल्यापासून वेळ मोजणाऱ्या) प्रकारचा निघाला. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात; बाजूला छापलेली आकृती वाचून घ्यावा. बदलून मिळाला, शनिवार गेला.

१९ जुलै

पेटी जोडली, आणि ३० मिनिटं झाली की ती कधी तुटायची, कधी नुसतं ‘टक्’ करून चालूच राहायची. टेबलावर टायमर एका मिनिटावर ठेवून बघितल्यावर कारण सापडलं.

पहिली जोडणी अशी होती : लाल बटण, मग टायमरचा एनसी, मग हिरवं बटण (त्याला समांतर कॉन्टॅक्टरचा १३-१४, म्हणजे तो एनओ ऑक्झिलरी), मग कॉइल, टायमरची वीज कॉइलच्याच टोकावरून. वेळ संपली की एनसी उघडतो, कॉइल आणि टायमर दोघांचीही वीज एकाच वेळी जाते. टायमर लगेच रीसेट होऊन एनसी पुन्हा मिटवतो. तोवर कॉन्टॅक्टरचा १३-१४ सुटलेला नसला तर कॉइल परत ओढली जाते. दोघांची शर्यत; कधी एक जिंकतो, कधी दुसरा.

दुरुस्त जोडणी : लाल बटण → हिरवं बटण, समांतर १३-१४ → इथून टायमरची वीज (ए-१) → टायमरचा १५-१६ (एनसी) → कॉइलचा ए-१. कॉइल आणि टायमर दोघांचे ए-२ न्यूट्रलला. आता वेळ संपली की फक्त कॉइल सुटते, तिच्यामुळे १३-१४ सुटतो, आणि मगच टायमरची वीज जाते. शर्यत उरत नाही. आणखी एक फायदा : कोणी हिरवं बटण काडी अडकवून दाबून ठेवलं, तरी ३० मिनिटांनी तुटतंच.

फेज आणि न्यूट्रल दोन्ही कॉन्टॅक्टरच्या मुख्य पॉइंटांतून, तिसरा मोकळा. अर्थिंग कशातूनही न तोडता सरळ सॉकेटला आणि पेटीच्या पत्र्याला. एका कॉन्टॅक्टरला भुंग्यासारखा आवाज येत होता. चुंबकाच्या तोंडावर पॅकिंगच्या थर्मोकोलचा कण होता, पुसल्यावर थांबला.

चाचणी : इस्त्री लावून मेन पाडायचा, पुन्हा लावायचा, इस्त्री मेलेलीच राहिली पाहिजे.

२ ऑगस्ट

पेट्या बसल्या त्या घरांकडून पहिली तक्रार : ‘अहो, साडी निम्मी होते न होते तोच बंद पडते.’ तिथे टायमर १५ मिनिटांवरच ठेवला गेला होता, तो ठरल्याप्रमाणे ३० वर नेला. एका आजींचं हिरव्या बटणापर्यंत वाकणं होत नव्हतं. पेटी कमरेच्या उंचीला घेतली. अशा गोष्टींकडे दुर्लक्ष केलं की महिनाभरात कोणीतरी पेटी बायपास करून देतं, म्हणून तक्रारी ऐकून लगेच सोडवणं हे कामाचाच भाग धरलं.

३,२०० रुपये सगळ्यांना परवडत नाहीत. त्यांच्यासाठी चावीचा, स्प्रिंगचा ६० मिनिटांचा टायमर, १६ अँपिअर लिहिलेला, पेटीसकट ७०० च्या आत. वीज गेली तरी स्प्रिंग चालत राहते आणि वेळ संपली की तुटतंच. विजेवर फिरणारी चकतीची टायमर वीज गेली की जागीच थांबतात, ती या कामाला घेऊ नयेत. पण चावीच्या टायमरची मर्यादा सांगितली पाहिजे : वीज दहा मिनिटांत परत आली तर उरलेली मिनिटं इस्त्री तापते, आणि गादी भाजायला तेवढी पुरतात. म्हणून ज्या घरात पलंगावर इस्त्री होते तिथे कॉन्टॅक्टरच; टेबल आणि उभा स्टँड असेल तिथे चावीचा चालेल. मोबाईलवरून चालणारा स्मार्ट प्लग असेल, तर वीज परत आल्यावर तो ‘बंद’ राहील अशी सेटिंग करावी. बरेच मूळच्या सेटिंगला आधीच्या स्थितीत परत जातात.

टेबलावर इस्त्री ठेवायला फरशीचा एक तुकडा, खाली लाकूड नको. खर्च शून्य, बांधकामातून उरलेले होते.

१० ऑगस्ट

रॉड. कोरडा चालू झाला की मिनिटाभरात लाल होतो. प्लास्टिकच्या बादलीवर टांगलेला असेल तर काठ वितळून खाली पडतो. स्टीलची बादली, लाकडी आडव्या पट्टीवर टांगलेला, पाणी खुणेच्या वर, आणि बटण शेवटी. पाण्यात हात घालण्याआधी टॉप काढलेला. चार रॉडना पांढरा क्षार जाड बसला होता. त्याखाली नळी जास्त तापते आणि तडकते. तडकलेले टाकले. रॉडलाही हिरव्या बटणाचीच पेटी चालते.

मिक्सर : खालचं लाल ओव्हरलोडचं बटण दोन मिक्सरमध्ये बायपास केलेलं. पुन्हा बसवलं. सुकं खोबरं, चटणी, इडलीचं पीठ सलग न वाटता मधे थांबावं.

मोबाईलचे चार्जर : बीआयएसचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसलेले बाजूला. फुगलेली पॉवर बँक चार्जिंगला लावू नये, टोचू तर मुळीच नये. डासांचं मशीन पडद्याच्या मागे चालू असलेलं तीन घरांत; जागा बदलली.

१७ ऑगस्ट

पार्किंगमधल्या इस्त्रीवाल्या काकांचं टेबल. त्यांची इस्त्री घरातल्यापेक्षा दुप्पट-तिप्पट जड, दिवसभर चालू, वीज गेली की कोळशाची. वायर मीटरच्या खोलीतून पंधरा मीटर, मधे दोन जोड. टेबलाच्या मागे हातभर अंतरावर दुचाकी. इमारतीतली सगळ्यात धोक्याची जागा हीच होती आणि यादीत ती शेवटी आली, हे चुकलं.

काकांशी बसून ठरवलं : सोसायटीच्या खर्चाने २.५ चौ. मिमी स्वतंत्र ओढ, आरसीसीबी, कॉन्टॅक्टरची पेटी (टायमरशिवाय, कारण ते दिवसभर समोरच असतात, वीज गेल्यावर सुटणं तेवढं हवं). टेबल दुचाकींपासून दूर, जिन्याच्या वाटेतून बाहेर. निखाऱ्यांसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा, तळाशी वाळू. राख रात्रभर डब्यातच, सकाळी पाणी मारून मग कचऱ्यात. एकूण ६,८०० रुपये. काकांची एकच अट होती, धंदा एक दिवसही बंद नको. वायरमनने रात्री काम केलं.

२४ ऑगस्ट

गणपती २७ ला. मखराची वायरिंग बघून घेतली. थर्मोकोल, कापडी झालर आणि हॅलोजनचा फोकस एकत्र नको, फोकस एलईडीचा. रोषणाईच्या माळा एकातून एक जोडत जाऊन शेवटी एकाच सैल टॉपवर येतात, तिथे गन लावून अर्ध्या तासाने तापमान घेतलं. एक टॉप ६८ अंश दाखवत होता, बदलला. समईच्या वरच्या हातभर जागेत काही लटकू नये. रात्री निजताना माळा बंद.

मजल्यागणिक २ किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक लावलं. आधी मेन बंद, मग पिन काढून ज्वाळेच्या बुडाशी. विजेच्या आगीवर मेन बंद होण्याआधी पाणी नाही. १०१ आणि ११२ हे क्रमांक प्रत्येक मेन बोर्डाच्या दारावर.

१४ सप्टेंबर

फेरतपासणी. नवीन बसवलेल्या सॉकेटचे स्क्रू पुन्हा आवळले. तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनंतर पाच ठिकाणी पाव फेरा गेला. हे न करता काम संपलं असं धरू नये. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या स्वयंपाकघरात आता किटलीवर दीड व्होल्ट पडतात. एका घराने कॉन्टॅक्टरची पेटी काढून ठेवली होती, नवीन रंगकामासाठी. परत लावून दिली.

बाकी राहिलेलं : चार घरांचं ॲल्युमिनियम वायरिंग पूर्ण बदलायचं आहे, अंदाज प्रत्येकी ४५,००० ते ६०,०००. दोघांनी दिवाळीनंतर करतो म्हटलंय. तोवर त्या घरांत इस्त्री आणि रॉड फक्त तपासलेल्या एकाच सॉकेटवर, आणि त्या सॉकेटवर लाल पट्टी लावली आहे. थंडीत रॉड बाहेर निघतील तेव्हा त्यांचे ओहम आणि टॉपचं तापमान पुन्हा घ्यायचं. तारीख नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारची ठरली आहे.